मोटारीच्या इंजिनांतील आवाज व त्यांची परीक्षा



विज्ञानाच्या तासाला चार टप्प्यांच्या इंजिनाची आकृति आम्ही आज जवळजवळ वीस वर्षें फळ्यावर काढीत आलों आहों. शोषण, संपीडन, ज्वलन व निष्कासन असे चारही टप्पे रंगीत खडूनें दाखविले म्हणजे आकृति सुबक दिसते, मुलें ती वहींत उतरून घेतात, आणि परीक्षेंत गुणही बरे पडतात. परंतु फळ्यावरचें इंजिन मुकें असतें. रस्त्यावरचें इंजिन बोलतें, आणि त्याचें बोलणें ओळखण्याची विद्या केवळ आकृतीनें येत नाहीं. ही गोष्ट आम्हांस एका प्रसंगानें शिकविली, व त्या शिकवणीची फीही जबर घेतली. तो प्रसंग आधीं सांगून, मग त्यावरून जें शिकलों तें क्रमानें मांडावें असा विचार आहे. आज पुष्कळ घरीं मोटार आहे. जेथें नाहीं तेथेंही रिक्षा, टेम्पो किंवा ट्रॅक्टर असण्याचा संभव आहेच. तेव्हां हा पाठ विद्यार्थ्यांप्रमाणें त्यांच्या पालकांच्याही उपयोगीं पडेल अशी आशा आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं, डिसेंबर महिन्यांत, चार विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही संगमनेर येथें एका वक्तृत्वस्पर्धेस गेलों होतों. मोटार आमची स्वतःची, जुनी, दुसऱ्याकडून विकत घेतलेली. पुण्याच्या वाटेनें परत येतांना चंदनापुरीचा घाट चढूं लागलों, तों इंजिनांतून बारीक टकटक ऐकूं येऊं लागली. मुलांस ढाल मिळाली होती, गाडींत गाणीं चाललीं होतीं, आणि काळोख दाट होण्यापूर्वीं मुलें आपापल्या घरीं पोंचवावीं अशी आम्हांस घाई होती. चौघांपैकीं तिघे स्पर्धक होते. चौथा आठवींतला एक विद्यार्थी; त्याला आम्हीं सामान उचलावयास मदत होईल म्हणून बरोबर घेतलें होतें. विज्ञानांत तो त्या वर्षीं दोनदां नापास झाला होता. तो मागून म्हणाला, "सर, मघाशी टकटक वर होती, ती आता खालून यायला लागली. गाडी थांबवा ना." आम्हीं आरशांतून त्याच्याकडे पाहिलें व म्हटलें, "पेट्रोल भेसळीचं असेल. तू गप्प बैस." इतर मुलें हंसलीं. तो गप्प बसला.

घाटमाथ्यावर ऑइलच्या दाबाचा तांबडा दिवा दोनदां लुकलुकला. एखादी तार सैल झाली असेल अशी आम्हीं समजूत करून घेतली. पुढें घारगांवच्या अलीकडे इंजिनांतून मोठा दणका ऐकूं आला, आणि मोटार रस्त्याच्या मध्यावरच उभी राहिली. अंधार पडला होता. मागून येणाऱ्या मालट्रकच्या चालकानें शेवटच्या क्षणीं गाडी वळविली, व तो भोंगा वाजवीत आमच्या अगदीं जवळून निघून गेला. चारही मुलें सुखरूप राहिलीं, हे ईश्वराचे उपकार. त्यांत आमच्या शहाणपणाचा भाग कांहींच नव्हता.

दुसऱ्या दिवशीं आळेफाट्याच्या एका मिस्त्रींनीं इंजिन खोललें. ऑइल मोजण्याची कांडी कोरडी निघाली. दट्ट्यास क्रँकशीं जोडणारा रॉड तुटून त्यानें इंजिनाच्या अंगास मुठीएवढें भोंक पाडलें होतें. अशा इंजिनाची दुरुस्ती परवडत नाहीं. तें बदलावें लागतें. थोरल्या मुलीच्या महाविद्यालयाच्या फीकरितां बाजूस ठेवलेली रक्कम त्यांत गेली, आणि ती फी आम्हांस कर्ज काढून भरावी लागली. मिस्त्री एवढेंच म्हणाले, "सर, पहिली टकटक ऐकली तेव्हाच थांबून ऑइल टाकलं असतं, तर बहुतेक इंजिन वाचलं असतं. गाडीनं तुम्हाला सांगितलं होतं." गाडीनें सांगितलें होतें, त्या मुलानेंही सांगितलें होतें. आम्हीं दोघांचेंही ऐकलें नाहीं.

आवाज कां होतो?

मोटार हमरस्त्यावर चालत असतां इंजिनाचा क्रँक मिनिटास ३००० फेरे सहज करितो. म्हणजे प्रत्येक दट्ट्या एका सेकंदांत ५० वेळां वर जातो, ५० वेळां खालीं येतो, आणि १०० वेळां आपली दिशा बदलतो. हा सारा खटाटोप शांतपणें चालावा म्हणून हलणाऱ्या भागांमध्यें ठराविक फट ठेवलेली असते. क्रँक आणि त्यास धरणारें बेअरिंग यांच्यामधील फट मिलिमीटरच्या कांहीं शतांश भागांइतकीच, म्हणजे सामान्यतः माणसाच्या केंसाच्या जाडीहूनही कमी असते; आणि त्या फटींत पंपाच्या दाबानें ऑइल सतत खेळत राहतें. हें ऑइल जोंवर आहे तोंवर धातु धातूला शिवत नाहीं. ऑइल कमी झालें, फार पातळ झालें, अथवा झिजेमुळें फट वाढली, कीं एक भाग दुसऱ्यावर आदळूं लागतो. तो आघात म्हणजेच आपणांस ऐकूं येणारा ठोका.

तेव्हां विचित्र आवाज हा स्वतः रोग नव्हे. तें रोगाचें लक्षण होय. लक्षण दडपून टाकावयाचें नसतें, त्यावरून रोग ओळखावयाचा असतो. १८१६ सालीं पॅरिस येथील डॉक्टर रेने लेनेक यांनीं कागदाची गुंडाळी करून तिच्यांतून रोग्याच्या हृदयाचे ठोके ऐकिले, व त्यांतूनच पुढें स्टेथोस्कोप तयार झाला. छाती न उघडतां आंत काय चाललें आहे हें कानानें जाणण्याची ती युक्ति होती. मिस्त्रींचें कामही त्याच जातीचें आहे. इंजिन उघडणें हा खर्चाचा व शेवटचा उपाय. ऐकणें हा पहिला.

बॉनेट उघडण्यापूर्वीं पांच प्रश्न

हातांत पाना घेण्यापूर्वीं आमचे हे मिस्त्री गाडीच्या मालकास पांच प्रश्न विचारतात. ते वहींत लिहून ठेवण्याजोगे आहेत.

(१) आवाज इंजिन थंड असतां येतो, कीं तापल्यावर?
(२) गाडी उभी असतां येतो, कीं चालत असतांनाच?
(३) इंजिनाचा वेग वाढविला तर आवाजाची लय वाढते काय?
(४) चढावर किंवा गाडींत ओझें असतां आवाज मोठा होतो काय?
(५) तो वरून येतो, खालून येतो, पुढून येतो, कीं मागून?

यांपैकीं दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांचें उत्तर सपाट जागीं गाडी उभी करून मिळवितां येतें. हँडब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा, आणि अॅक्सिलरेटर हळूहळू दाबावा. आवाज येऊन त्याची लय इंजिनाबरोबर वाढली, तर दोष इंजिनांत किंवा त्याच्याशीं जोडलेल्या एखाद्या भागांत आहे. उलट, उभ्या गाडींत कांहीं ऐकूं येत नाहीं, परंतु गाडी धांवूं लागली म्हणजे चाकांच्या गतीबरोबर घुरघुर वाढत जाते, असें असेल तर चाकाचें बेअरिंग, टायर अथवा ब्रेक यांकडे पाहावें. गाडी उभी असतांनाच क्लचचा पायटा दाबून पाहावा. पायटा दाबतांच आवाज सुरू होत असेल तर बहुधा क्लचचें रिलीज-बेअरिंग झिजलें आहे. दाबतांच बंद होत असेल तर गिअरपेटींतील बेअरिंगवर संशय घ्यावा. एवढ्यानेंच अर्धें काम होतें, आणि त्याला एक पैसाही लागत नाहीं.

लय कानानें ओळखण्यास फळ्यावरील गणिताचा उपयोग होतो. चार टप्पे पुरे होण्यास क्रँकचे दोन फेरे लागतात, व त्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व एकदांच उघडतो. गाडी उभी असतां इंजिन मिनिटास ८०० फेरे करीत असेल, तर क्रँक सेकंदास १३ हून थोडे अधिक फेरे करितो. पण एक व्हॉल्व त्याच वेळांत ६ ते ७ वेळांच उघडतो. म्हणून व्हॉल्वशीं संबंध असलेली टिकटिक क्रँकच्या निम्म्या लयीनें चालते. हें गणित आम्हीं वर्षानुवर्षें शिकविलें होतें. तें कानानें पडताळून पाहतां येतें, हें मात्र आमच्या कधीं मनांत आलें नव्हतें.

पांचव्या प्रश्नासाठीं मिस्त्रींचा स्टेथोस्कोप वापरावा. हा म्हणजे एक लांब पेचकस किंवा हातभर लांकडी काठी. तिचें एक टोंक इंजिनाच्या न हलणाऱ्या भागावर टेकवावें व दुसरें टोंक कानापुढील हाडास लावावें. काठींतून आवाज आश्चर्य वाटण्याइतका स्पष्ट येतो. जागा बदलीत जावें. जेथें तो सर्वांत मोठा ऐकूं येईल त्याच्या जवळ दोष आहे असें समजावें.

येथें एक इशारा दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. चालत्या इंजिनाजवळ सैल बाही, ओढणी, मोकळे केंस किंवा गळ्यांतील साखळी असूं नये. आजच्या गाड्यांतील रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो व इंजिन बंद असतांही एकाएकीं फिरूं लागतो. बंद जागेंत इंजिन कधींही चालवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो प्राण घेतो. विद्यार्थ्यांनीं ही परीक्षा जाणत्या वडील माणसाच्या देखरेखीखालींच करावी.

निरनिराळे आवाज

किंचाळी. थंडीच्या किंवा पावसाच्या सकाळीं गाडी सुरू करतांच पुढच्या बाजूनें किंचाळी ऐकूं येते व थोड्या वेळानें थांबते. हा बहुधा रबरी पट्ट्याचा, ज्यास आपण फॅनबेल्ट म्हणतों त्याचा, आवाज होय. हा पट्टा वीज तयार करणारें यंत्र फिरवितो, व पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही फिरवितो. पट्टा सैल झाला, गुळगुळीत झाला किंवा कप्पी वांकडी बसली, म्हणजे तो घसरून ओरडतो. दुरून पट्ट्यावर थोडें पाणी शिंपडून पाहतात. आवाज वाढला तर पट्टा सैल असण्याचा संभव अधिक. क्षणभर थांबून पुन्हां सुरू झाला तर कप्प्या एका रेषेंत नसण्याचा संभव अधिक. उपाय स्वस्त आहे: पट्टा ताणावा, किंवा चिरा पडल्या असतील तर बदलावा. पट्टा तुटून पाण्याचा पंप बंद पडला तर इंजिन थोड्याच वेळांत तापून बिघडतें, म्हणून हें काम लांबणीवर टाकूं नये. किंचाळीऐवजीं सतत गुरगुर असेल, तर इंजिन बंद करून, पट्टा काढून, कप्प्या हातानें फिरवून पाहाव्या. जी खरखरीत लागेल तिचें बेअरिंग गेलें आहे.

टिकटिक. इंजिनाच्या वरच्या भागांतून शिवणयंत्रासारखी टिकटिक येते, ती बहुधा टॅपेटची. व्हॉल्व आणि त्यास दाबणारा भाग यांत जी फट ठेवलेली असते ती झिजेनें वाढली म्हणजे हा आवाज होतो. ही फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी असते. ती पातळ पोलादी पट्ट्यांच्या फीलर गेजनें मोजून, गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मापाप्रमाणें बसवितात. कांहीं इंजिनांत ही फट ऑइलच्या दाबानें आपोआप राखली जाते. तेथें रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केल्यावर दोन-चार क्षण टिकटिक झाली तर चिंता नको. परंतु ती चालूच राहिली, किंवा पूर्वीं नसतां वाटेंत सुरू झाली, तर सर्वांत आधीं ऑइल पाहावें. ऑइल वरच्या भागास पुरेनासें झालें म्हणजे प्रथम टॅपेटच तक्रार करितें. आमच्या गाडीची पहिली टकटक तीच होती.

मात्र प्रत्येक टिकटिक दोषाची नसते. पेट्रोल उडविणारे इंजेक्टर स्वभावतःच बारीक टिकटिकतात. तसेंच धुराच्या नळीचा जोड सैल झाला असतां थंड इंजिनांतून फसफस मिसळलेली टिकटिक येते, व लोखंड तापून प्रसरण पावल्यावर ती पुष्कळदां कमी होते. हा जोड मात्र लौकर दुरुस्त करावा. कारण गळणारा धूर गाडीच्या आंत शिरूं शकतो.

सुरू होतांनाची खळखळ. कांहीं इंजिनांत क्रँक व व्हॉल्व यांची वेळ एका सांखळीनें राखलेली असते. ती सैल पडली, किंवा तिला ताणून धरणारा भाग झिजला, म्हणजे गाडी सुरू करतांच समोरच्या बाजूनें खळखळ ऐकूं येते. सांखळी निदान सूचना तरी देते. ज्या इंजिनांत सांखळीऐवजीं दांत्यांचा रबरी पट्टा असतो, तो बहुधा कांहीं न बोलतां तुटतो, आणि कित्येक इंजिनांत त्याबरोबर व्हॉल्व वांकतात. म्हणून असा पट्टा आवाजाची वाट न पाहतां, पुस्तिकेंत सांगितलेल्या किलोमीटरांनंतर किंवा वर्षांनंतर बदलावा.

चढावरील खडखड. वरच्या गिअरमध्यें घाट चढतांना अॅक्सिलरेटर दाबला कीं पत्र्याच्या डब्यांत खडे हलविल्यासारखी खडखड होते. उभ्या गाडींत ती ऐकूं येत नाहीं, म्हणून चौथा प्रश्न महत्त्वाचा. सिलिंडरमधील मिश्रण ठिणगीपासून क्रमानें जळत जाण्याऐवजीं त्याचा उरलेला भाग एकदम भडकतो, त्याचा हा आवाज. गाडीस न मानवणारें पेट्रोल, ठिणगी लौकर पडणें, सिलिंडरमध्यें सांचलेला कार्बन, किंवा फार तापलेलें इंजिन, ही त्याचीं कारणें. तात्काळ उपाय म्हणजे खालचा गिअर टाकणें व अॅक्सिलरेटर सैल सोडणें. आजच्या पुष्कळ गाड्यांत हा आवाज ओळखून ठिणगीची वेळ मागें घेणारें साधन असतें; तरीही खडखड वरचेवर होऊं लागली तर कारण शोधलेंच पाहिजे, कारण तिनें दट्ट्यास भोंक पडूं शकतें.

या खडखडीचा इतिहास विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखा आहे. १९२१ सालीं अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेंत थॉमस मिजली यांस असें आढळलें कीं, पेट्रोलमध्यें टेट्राएथिल लेड हें शिशाचें संयुग अगदीं थोडें मिसळलें असतां ही खडखड थांबते. आवाज थांबला, परंतु शिसें धुरावाटें हवेंत जाऊं लागलें. शिसें विष आहे, व लहान मुलांच्या मेंदूस तें विशेष अपायकारक आहे. भारतांत २००० सालीं शिसेंमिश्रित पेट्रोलची विक्री बंद झाली, आणि २०२१ सालीं अल्जीरिया या शेवटच्या देशांतही मोटारींसाठीं तें मिळेनासें झालें. एका आवाजास वाईट औषधानें गप्प बसविलें, त्याची किंमत जगानें जवळजवळ शंभर वर्षें दिली.

खोल ठोका. आतां सर्वांत गंभीर आवाज. इंजिनाच्या तळाकडून, लांकडावर हातोडा मारावा तसा जड, खोल ठोका येतो. इंजिन तापून ऑइल पातळ झालें म्हणजे तो वाढतो. चढावर, किंवा वेग वाढवून अॅक्सिलरेटर एकदम सोडतांना, तो विशेष स्पष्ट होतो. रॉड व क्रँक यांमधील बेअरिंग झिजल्याची ही खूण होय. याच्याशीं मिळता एक सौम्य आवाज आहे: झिजलेल्या सिलिंडरमध्यें दट्ट्या डुलतो त्याचा पोकळ ठोका. परंतु तो इंजिन थंड असतां येतो व तापल्यावर कमी होतो, म्हणून पहिला प्रश्न विचारला कीं दोहोंतील भेद बहुधा कळतो. पूर्वींच्या गाड्यांत मिस्त्री एकेका सिलिंडरची ठिणगी क्षणभर बंद करून पाहत. जिच्यामुळें ठोका नरम पडेल त्या सिलिंडरचें बेअरिंग झिजलें असें ठरवीत. आजच्या गाड्यांत ठिणगीचा विद्युद्दाब फार मोठा असतो, व न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील शुद्धीकरणाच्या भागास बिघडवितें. म्हणून हा प्रयोग घरीं कोणीं करूं नये.

तळाचा ठोका ऐकूं आला, किंवा ऑइलच्या दाबाचा तांबडा दिवा लागला, तर एकच उपाय आहे. गाडी कडेला घ्यावी व इंजिन ताबडतोब बंद करावें. "पुढच्या गांवापर्यंत नेऊं" असें म्हणूं नये. मग सपाट जागीं कांहीं मिनिटें थांबून ऑइलची कांडी पुसून, पुन्हां बुडवून पाहावी. ऑइल कमी असेल तर योग्य जातीचें ऑइल घालावें. त्यानंतरही ठोका राहिला, अथवा दिवा विझला नाहीं, तर गाडी दोरानें ओढून किंवा दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी. बेअरिंग वेळींच बदलण्याचा खर्च आणि इंजिन बदलण्याचा खर्च यांत केवढें अंतर आहे, हें आमच्या मुलीच्या फीवरून आम्हांस चांगलें समजलें आहे.

भय घालणारे परंतु निरुपद्रवी आवाज. कांहीं वेळां आवाज मोठा व दोष लहान असतो. धुराच्या नळीवर उष्णता अडविण्यासाठीं पातळ पत्रा बसविलेला असतो. त्याचा खिळा गंजून सुटला म्हणजे एका ठराविक वेगास तो इतका झणझणतो कीं मालकास इंजिन गेलें असें वाटतें. नळी थंड झाल्यावर एक लोखंडी पट्टी आवळली कीं काम झालें. इंजिन सुरू अथवा बंद करतांना एकच धप्प असा आवाज येत असेल, तर इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसविलेलें असतें ते फाटले आहेत काय तें पाहावें. म्हणून केवळ आवाजाच्या मोठेपणावरून घाबरूं नये, आणि लहानपणावरून निश्चिंतही राहूं नये. आमच्या गाडीचा पहिला आवाज अगदीं बारीक होता.

दर पंधरा दिवसांनीं, व लांबच्या प्रवासापूर्वीं अवश्य, ऑइल आणि रेडिएटरचें पाणी पाहावें. रेडिएटरचें झांकण इंजिन पूर्ण थंड असल्यावांचून उघडूं नये. ऑइल पुस्तिकेंत सांगितलेल्या मुदतींत बदलावें. या साध्या नेमानें वरील आवाजांपैकीं पुष्कळ मुळांतच टळतात. पालकांनीं हें काम घरांतील मुलामुलींकडून आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावें, अशी आमची सूचना आहे. त्यांत मुलीस वगळण्याचें कांहीं कारण नाहीं.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. जानेवारींत शाळा भरल्यावर आम्हीं आठवीच्या वर्गासमोर झालेला सर्व प्रकार सांगितला, आणि ज्यास गप्प बसविलें होतें त्या विद्यार्थ्याची वर्गासमोरच क्षमा मागितली. कारण त्याचा अपमानही आम्हीं इतरांसमोरच केला होता. मग त्याला विचारलें कीं तुला तें कसें कळलें. तो उभा राहून, खालीं पाहत म्हणाला, "सर, रविवारी मी मामाच्या गॅरेजवर पाने द्यायला बसतो. वर वाजतं ते टॅपेट, खाली वाजतं ते बेअरिंग. मामा म्हणतो, खालचं वाजलं की आधी चावी बंद." हें तो दोन वर्षें जाणत होता, आणि त्या दोन वर्षांत, त्याला काय येतें असें आम्हीं एकदांही विचारलें नव्हतें. काय येत नाहीं तेवढेंच आम्ही दर परीक्षेस मोजीत होतों.

पुढच्या शनिवारीं शाळेच्या मैदानांत आम्हीं आपली गाडी उभी केली, आणि लांकडी काठी त्याच्या हातीं दिली. त्यानें वर्गांतील प्रत्येक मुलास व मुलीस इंजिनाचें वरचें व खालचें अंग निरनिराळें ऐकविलें. आम्हीही रांगेंत उभे राहिलों. त्या वर्षीं विज्ञानांत तो काठावर उत्तीर्ण झाला. आकृति त्याला शेवटपर्यंत सुबक काढतां आली नाहीं. दहावीनंतर त्यानें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि आज आमची गाडी त्याच्याच हाताखालून जाते. बॉनेट उघडण्यापूर्वीं तोही पांच प्रश्न विचारतो, आणि उत्तर देणारा कितीही लहान असो, त्याचें तो शेवटपर्यंत ऐकून घेतो.

तरी पालकांस आमची विनंति एवढीच कीं, प्रवासांत मागच्या बाकावरून एखादें मूल म्हणालें, "काहीतरी वाजतंय", तर त्याला गप्प करूं नका. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, आणि काय ऐकलें तें त्याला नीट सांगूं द्या.